काच आणि पीयू सीलंट: किनाऱ्याच्या हवेत टिकणारा जोड

किनाऱ्यालगतच्या गावांत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंटने बसवलेली काच दोन-तीन पावसाळ्यांत सुटली, की दोष ट्यूबमधल्या मालाला दिला जातो. सुटलेली काच उजेडात धरून तिची कड नीट पाहिली, तर बहुतेक वेळा वेगळेच दिसते. सीलंटची काळी पट्टी चौकटीवर अखंड असते, नखाने दाबली तर रबरासारखी लवचीक लागते, आणि काचेच्या कडेवर मात्र तिचा मागमूसही नसतो. अशा जोडात माल फाटलेला नसतो. त्याने काचेला नीट धरलेलेच नसते, किंवा धरून नंतर उन्हाने सोडलेले असते. म्हणूनच पुढील विवेचनात भर सीलंटच्या ब्रँडवर नसून पृष्ठभागाच्या तयारीवर, उन्हापासूनच्या संरक्षणावर आणि हवेचा अंदाज घेण्यावर आहे. उदाहरणादाखल फायबरच्या मच्छीमार होडीच्या केबिनची पुढची काच डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण वारा, लाटांचे हिसके, मीठ आणि ऊन ही सगळी संकटे तिच्या वाट्याला एकदम येतात. बंदिस्त पडवीची तावदाने किंवा दुकानाची दर्शनी काच यांना हीच कृती थोड्या फरकाने लागू पडते.

पीयू कोठे वापरावे, कोठे टाळावे

पॉलियुरेथेनचा शोध 1937 साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. आज मोटारीची पुढची काच गाडीच्या सांगाड्याला चिकटवण्यासाठी जे काळे, दाट सीलंट वापरतात, ते प्रामुख्याने याच कुळातले असते. एकघटकी पीयू हवेतील बाष्पाने पक्के होते. त्यातील आयसोसायनेट गटांची पाण्याशी अभिक्रिया होते, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतून चिवट रबर तयार होते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप समजतात: बाष्प हवे, पण पाणी नको.

पीयूचे बळ त्याच्या चिवटपणात आणि फाटण्यास होणाऱ्या विरोधात आहे. काच ज्या ठिकाणी हादरे सोसते, म्हणजे होडी, टेम्पो, बस, ट्रॅक्टरची केबिन, तेथे त्याला तोड नाही. याउलट पारदर्शक काचेची कड उघडी राहणार असेल आणि तिच्यातून जोडावर थेट ऊन पडणार असेल, तर सिलिकॉन घेणे शहाणपणाचे ठरते. उंच इमारतींच्या काचेच्या भिंती सिलिकॉनने बसवतात त्याचे मुख्य कारण हेच आहे. मासे पाळण्याच्या काचेच्या टाकीसाठीही पीयू वापरू नये, तेथे टाकीसाठीच बनवलेले सिलिकॉन लागते. एमएस पॉलिमर नावाने मिळणारी सीलंट या दोहोंच्या मधली आहेत. ती वापरायला सोपी आणि उन्हाला पीयूपेक्षा सोशिक असतात, मात्र लाटांचा मारा झेलणाऱ्या काचेसाठी उत्पादकाने काच चिकटवण्याचा स्पष्ट उल्लेख केलेलाच प्रकार घ्यावा.

खरेदी करताना ट्यूबवर फक्त ‘पीयू सीलंट’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. बांधकामातील भेगा भरण्याचे मऊ पीयू आणि काच चिकटवण्याचे ताकदीचे पीयू हे दोन निराळे माल आहेत आणि हार्डवेअरच्या दुकानात पहिलाच प्रकार सहज हाती पडतो. वाहनांच्या काचा बसवणाऱ्यांकडे किंवा बोटींचे सामान विकणाऱ्यांकडे दुसरा मिळतो. त्याच वेळी त्याच कंपनीचे काचेचे अ‍ॅक्टिव्हेटर आणि काळा प्रायमर घ्यावा. सीलंटच्या आधी काचेवर लावायची ही दोन द्रावणे आहेत. एकाचा प्रायमर आणि दुसऱ्याचे सीलंट अशी मोट बांधू नये. जोड सुटल्यावर मग कोणाचे काय चुकले हे ठरवताही येत नाही.

ऊन हा पहिला शत्रू

पीयूचा अतिनील किरणांपुढे निभाव लागत नाही, ही गोष्ट माहीत असूनही सर्रास दुर्लक्षिली जाते. बाहेरून उघडी असलेली पट्टी पांढुरकी पडते, तिच्यावर बारीक चिरा येतात, परंतु हे नुकसान वरवरचे असते आणि डोळ्यांना दिसते. खरा धोका काचेच्या आड असतो. साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आरपार जातो आणि काच व सीलंट जेथे एकमेकांना भेटतात तोच केसाएवढा थर तो जाळत राहतो. वरून सगळे शाबूत दिसते, आतून पकड संपलेली असते, आणि एखाद्या जोराच्या वाऱ्यात काच चौकटीतून निघून येते.

मोटारीच्या काचेला कडेने जी काळी पट्टी आणि तिच्या आत ठिपक्यांची नक्षी असते, ती या कारणासाठीच असते. ही पट्टी रंगाची नसून काचेवर भाजलेल्या सिरॅमिकची असते. होडीसाठी किंवा दुकानासाठी कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच मागवताना अशी पट्टी सांगून करून घेता येते, पण ती काच टफन करण्यापूर्वीच लावावी लागते. टफन केलेली काच नंतर कापताही येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, त्यामुळे माप, गोलाई आणि पट्टीची रुंदी हे सगळे मागणी नोंदवतानाच अचूक द्यावे लागते. पट्टीची रुंदी सीलंटच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी काही मिलिमीटर जास्त ठेवावी, कारण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पट्टीच्या आतल्या काठावरून सीलंटपर्यंत पोहोचते. पश्चिमेकडे समुद्र असलेल्या घराच्या मावळतीच्या खिडकीत हे तिरपे ऊन पाण्यावरून परावर्तित होऊनही येते.

भाजलेली पट्टी मिळण्यासारखी नसेल, तर काळा प्रायमर ही दुसरी संरक्षक फळी आहे, पण तिच्या एकटीवर भिस्त ठेवू नये. प्रायमरच्या जोडीला बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा लाकडी बीडिंग बसवून काचेची कड पूर्ण झाकावी. माझ्या मते किनाऱ्यावर झाकलेली कड हाच नियम मानावा. उघड्या कडेची मोहक काच पीयूवर बसवण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला सिलिकॉनकडे वळवावे किंवा ते काम सोडून द्यावे.

जाडी, ठोकळे आणि मालाचा हिशेब

काच चौकटीला अगदी घट्ट टेकली म्हणजे चांगली बसली, अशी समजूत लांबीने, म्हणजे पुटीने, काच बसवण्याच्या जुन्या कामातून आलेली आहे. पीयूच्या जोडात काच सीलंटच्या गादीवर तरंगती असावी लागते. काच आणि चौकट तापल्यावर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. काचेचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे 9 दशलक्षांश आहे, अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे 23. दोन मीटर लांबीच्या काचेला अ‍ॅल्युमिनियमची चौकट असेल आणि पहाटेच्या 20 अंशांपासून दुपारच्या तापलेल्या 60 अंशांपर्यंत दोन्ही गेली, तर दोघांच्या लांबीत 1.1 मिलिमीटरचा फरक पडतो. काच मध्यावर धरून विचार केला तर प्रत्येक टोकाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक सरक होते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या सीलंटला ही सरक म्हणजे स्वतःच्या जाडीएवढी ओढ, आणि तीही रोज. चार मिलिमीटरच्या थराला ती किरकोळ असते.

काचेऐवजी पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकचे तावदान असेल तर हा फरक कितीतरी वाढतो. पॉलिकार्बोनेटचा प्रसरणांक 65 च्या आसपास आहे. लोखंडी चौकटीवर एक मीटरचे तावदान 40 अंशांच्या चढउतारात दोन मिलिमीटरहून जास्त सरकते. शिवाय काचेचे प्रायमर आणि काही द्रावके या प्लॅस्टिकला सूक्ष्म तडे पाडतात. त्यामुळे प्लॅस्टिकच्या तावदानाला त्यासाठीचेच सीलंट आणि त्यासाठीचीच तयारी लागते. काचेची कृती त्याला जशीच्या तशी लावू नये.

थराची जाडी राखण्यासाठी काच आणि चौकट यांच्यामध्ये चार मिलिमीटरचे मऊ रबरी तुकडे ठरावीक अंतराने चिकटवावेत. हे तुकडे पक्क्या झालेल्या सीलंटपेक्षा मऊ असावेत, नाहीतर काचेवरचा सगळा दाब त्या चार-सहा ठिकाणीच एकवटतो. मिळेल ते रबर कापून लावण्याचा मोह टाळावा. काही रबरांतील तेलकट घटक हळूहळू सीलंटमध्ये झिरपतात आणि त्याची पकड खराब करतात. काचेचे वजनही सीलंटवर टाकू नये. काच दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. केबिनची 600 बाय 450 मिलिमीटरची, 6 मिलिमीटर जाडीची काच सुमारे चार किलोची होते, आणि दुकानाची मोठी काच सहज पन्नास किलोपुढे जाते. पीयू क्षणिक झटका छान झेलते, पण सततच्या ओझ्याखाली ते वर्षानुवर्षे हळूहळू ताणले जाते. म्हणून खालच्या कडेला दोन ठोकळे देऊन वजन त्यांच्यावर घ्यावे.

मालाचा हिशेब सोपा आहे. वरील काचेची परिमिती 2.1 मीटर भरते. नोझलमधून 8 मिलिमीटर पायाची आणि 12 मिलिमीटर उंचीची त्रिकोणी धार काढली, तर तिचे क्षेत्रफळ 48 चौरस मिलिमीटर होते, आणि काच चार मिलिमीटरपर्यंत दाबल्यावर ती बरोबर 12 मिलिमीटर रुंद पसरते. एकूण माल सुमारे 100 मिलिलिटर लागतो. कडेची फट भरण्यासाठी तेवढाच आणखी धरला, तरी 310 मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गनमध्ये बसणाऱ्या ट्यूबमध्ये, काम भागते. अनेक काचा एकदम बसवायच्या असतील तर 600 मिलिलिटरचे सॉसेज, म्हणजे पातळ वेष्टनातला माल, स्वस्त पडते, मात्र त्याला नळीची वेगळी गन लागते.

पृष्ठभाग

किनाऱ्यावर पहिली गोष्ट द्रावक नसून गोडे पाणी आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ प्रत्येक पृष्ठभागावर बसलेले असते, आणि ते थिनरमध्ये विरघळत नाही. थिनरच्या कापडाने पुसले म्हणजे ते नुसते इकडून तिकडे फिरते. मिठाचा कण जोडाखाली राहिला की तो पावसाळी हवेतील ओलावा ओढून घेतो आणि पकड तेथूनच सुटू लागते. म्हणून काच आणि चौकट आधी साबणाच्या सौम्य पाण्याने, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्यावा. आंबोळीच्या तव्यावरचा, माशांच्या भाजणीचा किंवा डिझेलचा तेलकट धूर जेथे पोहोचतो तेथे साबणाच्या पायरीत हात आखडू नये.

त्यानंतर चौकट कशाची आहे त्यानुसार काम बदलते. फायबरवर साच्यातून आलेले मेण असू शकते, आणि त्यावर काहीही चिकटत नाही. ते आधी द्रावकाने पुसून काढावे, मग 120 च्या आसपासच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवावी आणि धूळ झाडून पुन्हा पुसावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी घासून नंतर पुसले, तर मेण ओरखड्यांत भरले जाते. लोखंडाचा गंज पूर्ण काढून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारून तो पूर्ण सुकू द्यावा. गंजावर लावलेले सीलंट गंजालाच चिकटते आणि गंजाबरोबरच निघते. पावडर कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर प्रत्येक कोटिंगचा गुण वेगळा असतो, म्हणून तेथे पुढे दिलेली तुकड्याची चाचणी केल्याशिवाय काम सुरू करू नये.

लाकडाचे दुखणे दुहेरी आहे. सागवानात अंगचे तेल असते, त्यामुळे ते घासल्यावर लगेच पुसून, फार वेळ न दवडता प्रायमर लावावा, नाहीतर तेल पुन्हा वर येते. दुसरे म्हणजे कोकणातले लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते, आणि हा फरक उष्णतेने होणाऱ्या हालचालीपेक्षा मोठा असू शकतो. फणसाच्या किंवा आंब्याच्या नव्या, पुरत्या न वाळलेल्या लाकडाच्या चौकटीवर काच चिकटवणे म्हणजे पुढच्या मे महिन्यात भेग मागवून घेणे आहे.

जांभ्याच्या चिऱ्याला काच थेट चिकटवण्याची फर्माईश अलीकडे पर्यटकांसाठी बांधलेल्या घरांत ऐकू येते. दिसायला ते सुंदर असते. परंतु चिरा सच्छिद्र असतो, त्याची पृष्ठे भुसभुशीत असतात आणि पावसाळाभर तो मागून ओलावा आणत राहतो, त्यामुळे जोड पाठीमागून उखडला जातो. चिऱ्यात आधी अ‍ॅल्युमिनियमची किंवा पक्क्या लाकडाची चौकट स्क्रूने बसवून काच त्या चौकटीला चिकटवावी. चौकटीभोवती सिमेंटचा गिलावा केला असेल तर त्याला चार आठवडे तरी वाळू द्यावे, आणि पागोळ्यांचे पाणी चौकटीच्या माथ्यावर पडणार नाही अशी वरून पन्हळ किंवा छज्जा द्यावा.

अ‍ॅक्टिव्हेटर आणि प्रायमर या दोन गोष्टींची गल्लत होते. अ‍ॅक्टिव्हेटर हे पाण्यासारखे पातळ द्रावण असते. ते धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कागदावर घेऊन काचेवर एकाच दिशेने पुसत न्यावे, दुसऱ्या कोऱ्या कागदाने लगेच कोरडे करावे आणि वापरलेला कागद पुन्हा बाटलीत बुडवू नये. जुन्या बनियनची चिंधी येथे चालत नाही, कारण तिच्यात साबण आणि तेल असते. प्रायमर काळा आणि दाट असतो. त्याच्या डबीत बहुधा पोलादी गोळ्या असतात, आणि त्या मोकळ्या खुळखुळायला लागल्यानंतरही मिनिटभर डबी हलवावी, म्हणजे तळाशी बसलेला काळा रंग वर येतो. प्रायमरचा एकच सलग हात द्यावा. सुकण्याचा वेळ, जो उत्पादनानुसार दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत असतो, तो पाळावा आणि त्यानंतर त्या भागाला बोट लावू नये. घामट हाताचा एक ठसाही येथे भारी पडतो.

तुकड्याची चाचणी

नव्या प्रकारची चौकट, नवे कोटिंग किंवा नवा माल असेल तर खऱ्या कामाच्या किमान दोन आठवडे आधी ही चाचणी सुरू करावी. त्याच काचेचा आणि त्याच चौकटीचा तुकडा घ्यावा, वरील सगळी तयारी करावी आणि वीतभर लांबीची धार ओढून बोटाने थोडी चपटी करावी. सात दिवसांनी तिचे एक टोक पात्याने दोन सेंटिमीटर उचलावे, ते चिमट्यात धरून मागे दुमडून ओढावे आणि ओढता ओढता पृष्ठभागापर्यंत पात्याने छोटे छेद देत जावे. पट्टी मध्येच फाटत गेली आणि तुकड्यावर काळा थर मागे राहिला तर पकड उत्तम आहे. पट्टी सेलोटेपसारखी अखंड सुटून खाली कोरी काच दिसली, तर तयारीत कोठेतरी खोट आहे. त्यानंतर तोच तुकडा आणखी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवून उरलेल्या पट्टीवर पुन्हा तसेच करावे. कोरडी परीक्षा पास होणारे कित्येक जोड या ओल्या परीक्षेत नापास होतात, आणि किनाऱ्यासाठी हीच परीक्षा खरी आहे.

हवा आणि मुहूर्त

पीयू किती वेगाने पक्के होते याचा साधारण आकडा असा आहे, की 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असताना पहिल्या चोवीस तासांत सुमारे 3 मिलिमीटर खोलीपर्यंत ते घट्ट होते. पुढे मात्र वेग मंदावतो, कारण बाष्पाला आधीच घट्ट झालेल्या थरातून आत शिरावे लागते. दुप्पट खोलीला साधारण चौपट वेळ लागतो: 3 मिलिमीटरला एक दिवस, तर 6 मिलिमीटरला चार दिवस. काच आणि फायबर या दोन्हींतून बाष्प जात नाही, त्यामुळे 12 मिलिमीटर रुंदीची पट्टी फक्त दोन कडांकडून आत सुकत जाते आणि मध्यापर्यंत पोहोचायला तिला सुमारे चार दिवस लागतात. कोकणातील दमट, उबदार हवेत हे काम थोडे लवकर होते, पण होडी पाण्यात लोटण्यापूर्वी किमान आठवडा सोडावा, हे उत्तम.

दमट हवेची दुसरी बाजू अशी, की सीलंटवर साय लवकर धरते. ट्यूबवर लिहिलेला साय धरण्याचा वेळ बहुधा 50 टक्के आर्द्रतेचा असतो. जुलैतल्या 90 टक्क्यांत तो बराच कमी होतो. साय धरलेल्या धारेवर काच दाबली तर ती काचेला भिजवत नाही, नुसती टेकते. म्हणून धार काढल्यावर गप्पा मारत बसू नये. साय धरली आहे का, हे हातमोज्याचे बोट हलकेच टेकवून कळते: बोटाला काही लागले नाही तर धार खरवडून नव्याने काढण्यावाचून इलाज नाही.

बाष्प हवे असले तरी पृष्ठभागावर पाणी मुळीच नको. पाण्याच्या थेंबावर सीलंट पडले की तेथे कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो, फेस होतो आणि जोडात पोकळ्या राहतात. पावसाची सर थांबली म्हणून लगेच काम सुरू करणे यामुळेच घातक आहे. डोळ्यांना न दिसणारे दहिवरही तितकेच वाईट. थंडीच्या सकाळी धातूची चौकट हवेपेक्षा गार असते आणि तिच्यावर दव धरते, म्हणून चौकटीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असावे असा नियम आहे. यंत्र नसेल तर चौकटीवर ओल्या कापडाचा एक फराटा ओढून पाहावा. तो काही मिनिटांत उडून गेला तर काम करण्यासारखी हवा आहे, तसाच राहिला तर थांबावे.

उलटपक्षी ऑक्टोबरच्या किंवा मेच्या दुपारी उन्हातली काळी चौकट हाताला चटका देते, आणि अशा पृष्ठभागावर सीलंट पातळ होऊन ओघळते. दहिवर उडाल्यानंतरची सकाळ किंवा सावली आल्यानंतरची दुपार, एवढाच काळ हाताशी उरतो.

होड्यांच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणजे दुरुस्तीला सवड असते तीच नेमकी भर पावसात. होडी शाकारताना केबिनभोवती ताडपत्री अशी बांधावी, की वरून आणि वाऱ्याच्या बाजूने पाणी येणार नाही, पण हवा खेळेल. आत हॅलोजनचा दिवा किंवा पंखा रात्रभर लावून चौकट कोरडी करावी. गॅसची शेगडी मात्र पेटवू नये, कारण गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. शक्य असेल तर काचेचे काम मेच्या उत्तरार्धात, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या, गडबडीत ते राहून जाण्यापूर्वी, उरकून घ्यावे. काम जुलैत निघालेच तर महिन्याच्या मध्यापलीकडे ढकलू नये, म्हणजे ऑगस्टमध्ये होडी उतरेपर्यंत जोड पूर्ण पक्का झालेला असतो.

प्रत्यक्ष बसवणे

काच आधी कोरडीच चौकटीत ठेवून पाहावी आणि तिच्या जागेच्या खुणा मास्किंग टेपच्या तुकड्यांवर करून ठेवाव्यात. टेप काच आणि चौकट या दोहोंवर आडवी लावून मधोमध कापली, की नंतर दोन्ही तुकडे जुळवले म्हणजे काच जागेवर आली. नोझलला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडावी, गन पृष्ठभागाला काटकोनात उभी धरावी आणि धार एकाच वेगाने, न तुटता, पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या टोकावर थोडी चढवून संपवावी. धारेच्या दोन टोकांचा हा जोड कोपऱ्यात आणू नये. खालच्या कडेच्या मध्यावरही आणू नये, कारण पाणी तेथेच साचते. बाजूच्या उभ्या कडेवर, वरच्या अर्ध्या भागात, तो सर्वांत निर्धोक.

काच दोघांनी धरून आधी खालच्या ठोकळ्यांवर टेकवावी आणि मग वर लोटावी. सपाट तळव्याने कडेकडेने दाबत जावे, रबरी तुकड्यांना टेकली की थांबावे. जास्त दाबलेली काच मागे ओढून जाडी परत मिळत नाही. मागे ओढल्यावर सीलंटमध्ये हवेच्या वाटा तयार होतात. टेपच्या पट्ट्यांनी काच जागेवर बांधून ठेवावी. बाहेरची कडेची फट नंतर, आतली पट्टी पक्की झाल्यावर, उन्हाला टिकणाऱ्या सीलंटने भरावी. फट खोल असेल तर तळाशी फोमची गोल दोरी घालावी, म्हणजे वरचा थर फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि त्याला ताणले जायला मोकळीक राहते.

धार गुळगुळीत करण्यासाठी बोट स्पिरिटमध्ये बुडवण्याची सवय पुष्कळांना असते. ती पीयूच्या बाबतीत सोडलीच पाहिजे. अल्कोहोल स्वतःच आयसोसायनेटशी अभिक्रिया करते, मग त्या जागी सीलंट कधीच पक्के होत नाही आणि वरचा थर चिकट राहतो. ताज्या पीयूशेजारी त्याच दिवशी सिलिकॉन किंवा एमएस पॉलिमर लावल्यासही असे होऊ शकते, कारण त्यांच्यापैकी अनेकांतून सुकताना अल्कोहोल बाहेर पडते. कोरडा, गुळगुळीत प्लॅस्टिकचा स्पॅच्युला पुरतो. धारेच्या कडेला मास्किंग टेप लावली असेल तर ती मात्र साय धरण्यापूर्वी, तिरपी ओढून काढावी.

काम करताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि केबिनची दारे उघडी ठेवावीत. पक्के न झालेल्या पीयूतील आयसोसायनेटमुळे त्वचेला आणि श्वसनमार्गाला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की अल्प मात्रेनेही दम लागतो. युरोपीय संघाने ऑगस्ट 2023 पासून असे पदार्थ व्यावसायिक कामात हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. दमा असणाऱ्याने हे काम करू नये. हाताला लागलेला माल थिनरने न काढता लगेच कोरड्या कागदाने पुसून, मग तेल आणि साबण लावून धुवावा.

जुनी काच बदलताना

जुनी काच काढताना पोलादी बारीक तार सीलंटमधून आरपार घालून, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून, करवतीसारखी ओढावी. तारेमुळे चौकटीवर ओरखडे पडू नयेत म्हणून कडेला टेपचे दोन थर द्यावेत, आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. चौकटीवर उरलेले जुने पीयू मुळापासून खरवडण्याची गरज बहुधा नसते. ते चौकटीला घट्ट धरून असेल तर पात्याने सपाट कापून एक-दोन मिलिमीटरचा थर तसाच ठेवावा. ताज्या कापलेल्या पीयूवर नवे पीयू उत्तम धरते. मात्र नवी धार त्याच दिवशी, त्या थरावर पाणी, धूळ किंवा स्पिरिट लागण्यापूर्वी पडली पाहिजे. जो भाग ओढल्यावर उचलतो तो पूर्ण काढून, चौकट उघडी करून, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. पूर्वी कोणी सिलिकॉनची डागडुजी केलेली असेल तर तिचा कण न कण खरवडावा लागतो, कारण सिलिकॉनच्या अदृश्य थरावर पीयू धरत नाही आणि सिलिकॉन कोणत्याही थिनरने पूर्णपणे निघत नाही.

उरलेले कार्ट्रिज किनाऱ्यावर फार काळ टिकत नाही. नोझलच्या तोंडात लांब स्क्रू घालून वर टेप गुंडाळली तर काही दिवस आतला माल मऊ राहतो. न उघडलेले कार्ट्रिजही पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरातल्या गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवावे, कारण त्याची मुदत, जी साधारण नऊ महिने ते वर्षभराची असते, ती 25 अंशांखालच्या साठवणीची असते. मुदत जवळ आलेला माल घेण्याची वेळ आलीच, तर पहिला इंचभर माल कागदावर काढून पाहावा: तो सलग, चकचकीत आणि गुठळ्यांविना आला तर वापरावा, गन दाबायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला किंवा धार रवाळ आली तर ते कार्ट्रिज काचेच्या कामातून बाद करावे.